परकायाप्रवेश आणि एक अष्टपाद

मराठी वर्तमानपत्रांतला ऑक्टोपस समुद्रात राहत नाही. तो अनधिकृत बांधकामांत राहतो, सावकारीत राहतो, भ्रष्टाचारात आणि खासगी शिकवणीवर्गांच्या धंद्यात राहतो. त्याच्या वाट्याला एकच क्रियापद आलेले आहे, ते म्हणजे ‘विळखा घालणे’. श्री. ना. पेंडसे यांच्यासारख्या समर्थ कादंबरीकारालाही आपल्या एका कादंबरीला ‘ऑक्टोपस’ हे शीर्षक द्यावेसे वाटले. त्याच्या पुष्कळ आधी, १९०१ साली, फ्रँक नॉरिस या अमेरिकन कादंबरीकाराने याच नावाची कादंबरी लिहून कॅलिफोर्नियातील गहू पिकवणाऱ्या शेतकऱ्यांभोवती आवळत जाणाऱ्या रेल्वे कंपनीला हे रूप दिले होते. अलंकार शिकवताना आपण विद्यार्थ्यांना सांगतो की, उपमेय आणि उपमान यांच्यात अभेद कल्पिला की रूपक होते. परंतु वापरून वापरून रूपक गुळगुळीत झाले की काय होते, हे सहसा सांगत नाही. अशा वेळी उपमेय शिल्लक राहते आणि उपमान नाहीसे होते. ऑक्टोपसचे नेमके हेच झाले आहे. आपल्यापैकी बहुतेकांनी तो पाहिलेला नसतो. त्याचा स्वभाव मात्र आपल्याला पक्का ठाऊक असतो.

या बदनामीत साहित्याचा वाटा मोठा आहे. व्हिक्टर ह्यूगोने ग्वेर्न्सी बेटावरील वनवासात ‘टॉयलर्स ऑफ द सी’ या इंग्रजी नावाने आपल्याला परिचित असलेली कादंबरी लिहिली. ती १८६६ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात नायकाची एका अष्टपादाशी झुंज आहे आणि तो प्राणी म्हणजे माणसाला जिवंतपणी शोषून घेणारे मूर्तिमंत दुष्टत्व आहे. ह्यूगोने त्यासाठी बेटावरच्या कोळ्यांच्या बोलीतला ‘प्येव्र’ हा शब्द उचलला आणि कादंबरी इतकी गाजली की तो शब्द प्रमाण फ्रेंचमध्ये कायमचा स्थिरावला. बोलीतला एक शब्द प्रमाणभाषेत जाताना सोबत किती भय घेऊन गेला, हा भाषेच्या अभ्यासकाने विचार करावा असा विषय आहे. पुढे नऊ वर्षांनी, १८७५ मध्ये, इंग्लंडमधील ब्रायटनच्या मत्स्यालयात काम करणाऱ्या हेन्री ली या निसर्ग-अभ्यासकाने ऑक्टोपसवर एक पुस्तक लिहिले आणि त्याच्या उपशीर्षकात ‘कल्पितातला’ आणि ‘वास्तवातला’ असे दोन ऑक्टोपस समोरासमोर उभे केले. ब्रायटनच्या मत्स्यालयातील एक अष्टपाद रात्री आपल्या टाकीतून बाहेर पडून शेजारच्या टाकीतले मासे खाऊन येत असे, ही प्रसिद्ध हकिकत त्यातलीच. कादंबरीतला राक्षस आणि भिंत ओलांडून भुरटी चोरी करणारा हा शेजारी यांच्यात काचेचे एक तावदान तेवढे होते. एकाने ते तावदान नसताना लिहिले, दुसऱ्याने त्याच्यापाशी बसून.

आपल्या भाषेने या प्राण्याला ‘अष्टपाद’ म्हटले. मृदुकाय संघातील ज्या वर्गात तो येतो त्याला ‘शीर्षपाद’ असे नाव आहे. कोकणात माकूल म्हणून शिजणारे त्याचे नातलगही याच वर्गातले. वास्तविक प्राणिशास्त्रज्ञ त्याच्या आठ अवयवांना बाहू म्हणतात, कारण तो त्यांनी धरतो, चाचपतो, उघडतो, फेकतो. पण आठ बाहूंचा शब्द आपल्याकडे आधीच देवीसाठी राखून ठेवलेला होता. ती अष्टभुजा, हा अष्टपाद. एकाच संख्येला लागलेल्या या दोन उत्तरपदांमध्ये श्रद्धा आणि किळस यांचे सारे अंतर सामावलेले आहे.

हे सारे मला सुचले ते घरापासून फार दूर. २०२३ च्या उन्हाळी सुट्टीत मी अमेरिकेत सिअॅटलजवळ राहणाऱ्या धाकट्या बहिणीकडे तीन आठवडे गेले होते. सिअॅटलचे मत्स्यालय समुद्राच्या अगदी कडेला, एका जुन्या धक्क्यावर आहे. ते १९७७ मध्ये सुरू झाले. तिथे उत्तर पॅसिफिकमधील महाकाय अष्टपाद ठेवलेला असतो. दहा वर्षांचा भाचा पहिल्यांदा मला घेऊन गेला, त्यानंतर चार वेळा मी एकटी गेले. मराठीच्या प्राध्यापिकेने सिअॅटलला जाऊन पाच दिवस ऑक्टोपसपुढे उभे राहावे याचे बहिणीला हसू येत होते. पण पाहुण्याच्या छंदाला कुणी आडवे येत नाही.

पहिल्या दिवशी पाहण्यासारखे काहीच नव्हते. टाकीच्या वरच्या कोपऱ्यात विटकरी रंगाचा एक ओला गोळा खडकाला चिकटून होता. लोक येत, ‘झोपलाय वाटतं’ अशा अर्थाचे काही बोलत आणि पुढे सरकत. भाचा मात्र हलेना. बऱ्याच वेळाने तो हळूच म्हणाला, “मावशी, ती तुला बघतेय.” गोळ्याच्या एका फुगवट्यावर सोनेरी बुबुळ आणि त्यात आडवी काळी चीर होती. शरीर कसेही कललेले असले तरी ही चीर क्षितिजाला समांतर राहते, हे नंतर वाचले. त्या क्षणी जाणवले ते एवढेच की, पाहणारी मी एकटी नव्हते.

दुसऱ्या, तिसऱ्या दिवशी ती हलली. हलणे हा शब्द अपुरा आहे. एक बाहू उलगडला, काचेवर पसरला आणि त्याच्यावरचा प्रत्येक चोषक आपापल्या मर्जीने काच चाचपू लागला. मादीच्या अंगावर असे सुमारे २,२४० चोषक असतात, प्रत्येक बाहूवर २८०. नराच्या उजवीकडच्या तिसऱ्या बाहूच्या टोकाला चोषक नसतात. त्यावरून नर-मादी ओळखता येतात. हे चोषक नुसते धरत नाहीत, ते चवही घेतात. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने त्यांच्यातील स्पर्शातून चव जाणणाऱ्या ग्राही पेशी दाखवून दिल्या. आपल्या काव्यशास्त्राने ‘रस’ हा शब्द जिभेकडून मनाकडे नेला. इथे एक प्राणी समोर आहे, ज्याची बोटे, जीभ आणि बहुधा विचारही एकाच जागी आहेत.

मग तिचा रंग बदलला. विटकरीवरून फिकट, मग पांढुरके डाग, मग पुन्हा गडद, आणि गुळगुळीत कातडीवर काटे उभे राहावेत तशी उंचवटी आली. त्वचेतील रंगद्रव्याच्या सूक्ष्म पिशव्या स्नायूंनी ताणल्या की रंग पसरतो, सैल सोडल्या की मिटतो. मज्जातंतू थेट तिथवर पोहोचलेले असल्याने हे क्षणार्धात घडते. यातली खरी विलक्षण गोष्ट वेगळीच आहे. ऑक्टोपसच्या डोळ्यात रंग जाणणारी एकाच प्रकारची ग्राही पेशी असते. म्हणजे आपल्या अर्थाने तो रंगांध आहे. जो रंग पाहू शकत नाही तो इतके रंग बोलतो. हे बोलणे आहे का, हाही प्रश्नच. परंतु ते पाहताना ‘बोलतो’ याखेरीज दुसरे क्रियापद मला सापडले नाही.

चौथ्या दिवशी कर्मचारी तरुणी टाकीचे झाकण उघडून खाऊ घालत होती. झाकण उघडण्याआधीच गोळा सुटून वर आला होता. एक बाहू पाण्याबाहेर निघाला आणि तिच्या मनगटावर गुंडाळला गेला. ती सहज म्हणाली, “हिला माणसे कळतात.” प्रेक्षकांना सांगायचे वाक्य म्हणून मी ते ऐकून घेतले असते, पण त्याला पुरावा आहे, आणि तो याच संस्थेतला आहे. २०१० साली रोलंड अँडरसन, जेनिफर मेथर आणि त्यांचे सहकारी यांनी आठ महाकाय अष्टपादांवर एक साधा प्रयोग केला. सारखाच गणवेश घातलेल्या दोन माणसांपैकी एक रोज खाऊ घालायचा, दुसरा खरखरीत काठीने टोचायचा. दोन आठवड्यांत त्या प्राण्यांचे दोघांशी वागणे वेगळे झाले. खाऊ देणारा दिसला की ते जवळ येत, टोचणारा दिसला की दूर जात. गणवेश तोच, माणूस वेगळा. आणि तो वेगळेपणा काचेमागच्या त्या डोळ्याने टिपलेला होता.

त्याहून मला अधिक मोलाचा वाटतो तो मेथर आणि अँडरसन यांचा १९९३ चा निबंध. त्यांनी ४४ लहान लाल अष्टपादांना तीन प्रसंगांतून नेले: झाकण उघडून वर वाकून पाहणे, ब्रशने स्पर्श करणे आणि खेकडा खायला देणे. प्रत्येकाची प्रतिक्रिया निराळी आणि त्याच्यापुरती सातत्याची निघाली. कुणी धीट, कुणी भित्रा, कुणी थंड. शास्त्राने स्वभाव हा शब्द गोगलगायीच्या कुळातल्या प्राण्याला लावला, तो इथे. परंतु हा विचार सुचण्याआधी मत्स्यालयातील नोकरवर्गाने तो अमलात आणला होता. एरवी तिथल्या प्राण्यांना नावे देण्याची पद्धत नव्हती. काही मोजक्या जातींना मात्र आपसूक नावे पडत आणि ऑक्टोपस त्यांपैकी एक होता. एक मादी सतत आडोशाला लपून राही, प्रेक्षकांना दर्शनच देत नसे. तिचे नाव पडले एमिली डिकिन्सन. आयुष्याचा उत्तरार्ध अॅम्हर्स्टच्या घराबाहेर फारसे न पडता काढलेली, हयातीत जिच्या मोजक्याच कविता छापल्या गेल्या ती कवयित्री. टाकी साफ करणाऱ्या कुणाला तरी हे नाव सुचले, याचा मला मनापासून आनंद झाला. वाङ्मयाचा उपयोग काय, असे विचारणाऱ्यांसाठी हे उत्तर मी जपून ठेवले आहे.

आणि तरीही इथेच थांबून विचारले पाहिजे की, हे नाव देणे म्हणजे काय होते? त्या प्राण्याला ओळखणे होते, की आपल्या ओळखीच्या कपाटात त्याला ठेवून देणे होते?

मराठी समीक्षेत ‘परकायाप्रवेश’ हा एक आवडता शब्द आहे. शंकराचार्यांनी अमरु राजाच्या देहात प्रवेश केल्याच्या आख्यायिकेतून तो आला आणि कादंबरीकाराच्या, नटाच्या सामर्थ्याचे वर्णन करण्यासाठी आपण तो सर्रास वापरू लागलो. मीही वापरते. काही वर्षांपूर्वी एका वर्गात, दलित नसलेल्या लेखकाने दलित जीवनावर लिहिलेल्या कथेसंबंधी चर्चा चालू असताना, मागच्या बाकावरची एक विद्यार्थिनी उठून म्हणाली होती, “मॅडम, लेखक आमच्या देहात येऊन जातो म्हणता. पण त्या आख्यायिकेतला राजा मेलेला असतो ना?” वर्ग शांत झाला. आख्यायिकेचा तपशील तिने अचूक पकडला होता. परकायाप्रवेश होतो तो रिकाम्या देहात. ज्या देहात कुणी राहते आहे, तिथे शिरायला जागाच नसते. तिथे दार ठोठवावे लागते आणि आतून काय उत्तर येते ते ऐकावे लागते. दलित साहित्याने मराठीला दिलेला धडा नेमका हाच होता: आमच्या वतीने अनुभवू नका, आम्ही लिहितो ते वाचा.

सिअॅटलच्या त्या काचेपुढे मला हे वाक्य वारंवार आठवत होते. इथे माणसाची आणि प्राण्याची तुलना मुळीच नाही; त्या विद्यार्थिनीचा युक्तिवाद उभा आहे तो तिला वाणी आहे, लेखणी आहे, ती आपल्याला खोडून काढू शकते यावर. प्रश्न पाहणाऱ्याचा आहे. जिथे आतून उत्तर येण्याची सोयच नाही, तिथे पाहणाऱ्याने काय करावे? टॉमस नेगेल या तत्त्वज्ञाने १९७४ मध्ये वटवाघूळ असणे म्हणजे काय असते, असा प्रश्न विचारणारा निबंध लिहिला. वटवाघळासारखे उलटे टांगून घेतल्याची कल्पना करून मला फार तर मी वटवाघळासारखी वागले तर कसे वाटेल ते कळेल. वटवाघळाला कसे वाटते ते कळणार नाही, असा त्याचा मुद्दा. पण वटवाघूळ निदान आपल्यासारखे सस्तन आहे, पिलाला दूध पाजते. ऑक्टोपसचा आणि आपला समान पूर्वज शोधायचा तर ५० कोटी वर्षांहून मागे, कुठल्याशा चपट्या कृमीसारख्या जिवापाशी जावे लागते. तिथून वाटा फुटल्यानंतर दोघांनी मेंदू स्वतंत्रपणे घडवला. डोळाही स्वतंत्रपणे घडवला, आणि त्यांचा एका बाबतीत सरस उतरला: त्यांचे मज्जातंतू दृष्टिपटलाच्या मागून निघत असल्याने त्यांच्या डोळ्यात आंधळा बिंदू नाही.

ऑक्टोपसमध्ये सुमारे ५० कोटी चेतापेशी असतात. त्यांपैकी जवळजवळ दोन-तृतीयांश मध्यवर्ती मेंदूत नसून बाहूंत असतात. बाहू बरेचसे काम आपापले करतो. मेंदू दिशा देतो, तपशील बाहू ठरवतो. निवेदनमीमांसा शिकवणाऱ्याला हे वाचताना थोडे गरगरते. प्रथमपुरुषी निवेदन म्हणजे एका ‘मी’ने आपला अनुभव सांगणे, हे आपण गृहीत धरून चालतो. या प्राण्याने निवेदन केले असते तर ते प्रथमपुरुषी एकवचनी असते, की अनेकवचनी? काचेवरचा तो बाहू माझ्या तळव्यासमोर रेंगाळला तेव्हा ‘ती’ रेंगाळली, की तिचा बाहू? आपली सर्वनामे त्या काचेपाशी येऊन थांबतात. आणि परकायाप्रवेश करायचाच म्हटला, तरी त्या देहात नेमके कुठे शिरायचे हेही ठरत नाही.

परंतु प्रवेश न करता स्वतःला आवरून पाहणेही सोपे नाही, याचा प्रत्यय अष्टपादाच्या मातृत्वाविषयी वाचताना येतो. महाकाय अष्टपादाची मादी आयुष्यात एकदाच अंडी घालते. हजारो अंडी माळांसारखी गुंफून ती गुहेच्या छताला टांगते आणि पुढे सुमारे सहा-सात महिने, एक घासही न खाता, त्यांच्यावर पाणी फेकत, त्यांची साफसफाई करत बसते. तांदळाच्या दाण्याएवढी पिले बाहेर पडतात त्या सुमारास ती मरते. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ, सुमारे १,४०० मीटर खोलीवर, दुसऱ्या एका जातीची मादी २००७ ते २०११ या काळात एकाच खडकावर ५३ महिने अंडी उबवताना शास्त्रज्ञांना पुनःपुन्हा दिसली. कुठल्याही प्राण्यात नोंदलेला हा सर्वाधिक काळ. ‘श्यामची आई’वर वाढलेल्या आपल्या मनाला इथे गहिवर न येणे अशक्य आहे. भूक विसरून पिलांसाठी झिजणारी आई, हे वाक्य आपोआप तयार होते.

मात्र १९७७ मध्ये जेरोम वोडिन्स्की या संशोधकाने अंडी उबवणाऱ्या माद्यांच्या डोळ्यांमागील एक ग्रंथी काढून टाकली. त्या माद्यांनी अंडी सोडली, पुन्हा खाऊ लागल्या आणि पुष्कळ अधिक जगल्या. म्हणजे ज्याला आपण त्याग म्हणत होतो, तो एका ग्रंथीचा हुकूम होता. मग गहिवर खोटा ठरला का? मला तसे वाटत नाही. पण तो कुणाचा आहे, हे या प्रयोगाने स्पष्ट केले. तो आपला आहे. त्या मादीला काय वाटत होते हे आपल्याला माहीत नाही, आणि आपल्या संस्कृतीने ‘आई’ या शब्दात भरून ठेवलेले सारे तिच्या अंगावर ओतण्याचा अधिकार आपल्याला नाही. आपल्याच घरांतल्या कितीतरी बायकांच्या उपासाला, झिजण्याला आपण याच घाईने ‘त्याग’ म्हणत आलो आणि विचारायचे राहून गेले, हे जाता जाता नोंदवावेसे वाटते. त्यांना तर विचारता येत होते.

अचेतनावर किंवा मानवेतरावर मानवी भावनांचा आरोप केला की चेतनगुणोक्ती होते, असे आपण शिकवतो. वृक्ष रडतात, नदी रुसते. झाडाच्या बाबतीत हा अलंकार असतो, ठीक. पण ज्याला स्वभाव आहे, जो माणूस ओळखतो, ज्याला वेदना होते, त्याच्याबाबत हा अलंकार राहतो की अपुरे विधान होते? मला वाटते, इथे दोन टोके टाळावी लागतात. ‘तो अगदी आपल्यासारखाच आहे’ हे एक आणि ‘तो केवळ यंत्र आहे’ हे दुसरे. दोन्ही वाक्ये पाहणे थांबवतात. पहिले वाक्य म्हणणाऱ्याला पुढे पाहण्याची गरज वाटत नाही आणि दुसरे म्हणणाऱ्याला पाहण्यासारखे काही उरत नाही.

पाहण्याच्या या साधनाचा, म्हणजे काचेच्या टाकीचा, इतिहास आपल्या विषयाशी विलक्षण जोडलेला आहे. काचेचे मत्स्यालय पहिल्यांदा रचले ते १८३२ मध्ये, सिसिलीतल्या मेसिना या गावी, झान व्हिलप्र-पॉवर या फ्रेंच स्त्रीने. ती मूळची शिवणकाम, भरतकाम करणारी. निसर्गशास्त्र स्वतःच शिकलेली. तिला कोडे पडले होते ते कागदासारखे पातळ शिंपले बाळगणाऱ्या एका अष्टपादाचे. ते शिंपले त्याचे स्वतःचे, की दुसऱ्या कुणाचे बळकावलेले, यावर विद्वानांत वाद होता. तिने समुद्रकाठी टाक्या ठेवल्या, शिंपल्यांचे तुकडे मोडून पाहिले आणि तो प्राणी ते स्वतः सांधतो, स्वतःच घडवतो, हे सिद्ध केले. थोडक्यात, माणसाने मत्स्यालय बांधले तेच मुळी एका अष्टपादावरील चोरीचा आळ तपासण्यासाठी. सार्वजनिक मत्स्यालय त्यानंतर आले. लंडनच्या प्राणिसंग्रहालयातले १८५३ साली. आपल्याकडे मरीन ड्राइव्हवरील तारापोरवाला मत्स्यालयाचे उद्घाटन १९५१ मध्ये राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झाले. अंबरनाथ-बदलापूरकडच्या माझ्या पिढीची ‘मुंबई पाहणे’ ही सहल चर्नी रोडला उतरून तिथे गेल्याखेरीज पुरी होत नसे. समुद्र समोर असूनही समुद्रात काय आहे ते पाहण्यासाठी आम्ही रस्ता ओलांडून पाठ फिरवून आत जात असू.

त्याआधी समुद्रातला जीव आपल्याला कसा दिसत होता? अंबरनाथचे शिवमंदिर शके ९८२ मधले, म्हणजे इसवी सन १०६० चे, शिलाहारांच्या काळातले. त्याच्या भिंतींवर दगडात काय नाही? पण मंदिरशिल्पाच्या परंपरेत पाण्याचे प्रतिनिधित्व करतो तो मकर: सोंड हत्तीची, जबडा सुसरीचा, शेपूट माशाची. जे पाहता येत नाही ते पाहिलेल्या तुकड्यांतून जुळवायचे, ही त्या शिल्पीची रीत. ती हीन नव्हती. तिने विस्मय टिकवून ठेवला. ह्यूगोचा राक्षस हाही एका अर्थी मकरच होता. काचेने मकर मोडला आणि त्या जागी प्राणी आणला. परंतु त्यासाठी प्राण्याला आत आणावे लागले, आणि इथून माझी अस्वस्थता सुरू होते.

तीन ते पाच वर्षे जगणारा, एकटा राहणारा, झाकणे उघडणारा, निसटून जाण्यासाठी प्रसिद्ध असलेला हा जीव. २०१६ मध्ये न्यूझीलंडमधील नेपियरच्या राष्ट्रीय मत्स्यालयातून इंकी नावाचा ऑक्टोपस टाकीबाहेर पडला, जमिनीवरून सरपटत गेला आणि सांडपाण्याच्या नळीतून समुद्रात निघून गेला. जगाला त्याचे कौतुक वाटले. आपण ज्याच्या सुटकेला टाळ्या वाजवतो, त्याला कोंडलेले असते हे आपल्याला मनोमन माहीत असते. सिअॅटलला ते प्राण्यांना प्रजननाच्या वयाच्या सुमारास पुन्हा समुद्रात सोडून देतात. ही रीत मला सभ्य वाटली. ब्रिटनने २०२२ च्या प्राणिकल्याणविषयक कायद्यात शीर्षपादांना संवेदनशील जीव म्हणून मान्यता दिली. अमेरिकेतील वॉशिंग्टन आणि कॅलिफोर्निया या राज्यांनी २०२४ मध्ये खाण्यासाठी ऑक्टोपसची शेती करण्यावर बंदी घातली. हे कायदे करणाऱ्यांपैकी किती जणांनी कधीतरी अशाच एखाद्या काचेपुढे तो डोळा पाहिला असेल, असा विचार मनात येतो. कोंडलेल्या एकाने न कोंडलेल्या अनेकांसाठी साक्ष दिली, असे म्हणता येईल. फक्त साक्ष देण्यासाठी त्याला कुणी विचारले नव्हते.

परत आल्यावर, एका हिवाळ्यात, मी काही विद्यार्थ्यांना घेऊन ओहोटीच्या वेळी हाजी अलीच्या खडकांवर गेले. ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ या नावाने २०१७ पासून काही मंडळी मुंबईच्या किनाऱ्यांवर अशा फेऱ्या घडवत आली आहेत. त्यांच्यामुळे या शहराच्या अंगणातच अष्टपाद राहतो हे पुष्कळांना कळले. जवळच किनारा रस्ता उभा राहत होता. त्यासाठी २०२० मध्ये वरळी आणि हाजी अलीच्या प्रवाळांच्या काही वसाहती उचलून कुलाब्याच्या नेव्हीनगराकडे हलवाव्या लागल्या होत्या. खडकांत प्लास्टिकच्या पिशव्या, निर्माल्य, तेलाचा तवंग. एका डबक्यात, तळहाताएवढा, राखाडी रंगाचा तो होता. अर्धा मिनिट दिसला. मग एका मुलाच्या सावलीने दचकून खडकाच्या फटीत असा ओतला गेला, जणू तिथे काही नव्हतेच. चोच सोडली तर त्याच्या देहात कठीण असे काही नसते, म्हणून चोच मावेल तिथे तो मावतो.

शिवमंदिराच्या कडेने वाहणारी वालधुनी आमच्या वर्गाच्या खिडकीतून दिसत नाही, पण तिचा वास येतो. काकोळेच्या डोंगरातून निघून अंबरनाथ, उल्हासनगर ओलांडताना ती कारखान्यांचे पाणी पोटात घेते, कल्याणजवळ उल्हास नदीला मिळते आणि वसईच्या खाडीवाटे समुद्रात जाते. या पाण्यात हजार वर्षांपूर्वी मंदिर बांधणाऱ्यांनी पाय धुतले असतील. २०१४ च्या नोव्हेंबरात याच पाण्यात टँकरने रसायन ओतले गेले आणि उल्हासनगरातील शेकडो माणसे श्वास कोंडून रुग्णालयात गेली. स्पर्शाने चव घेणाऱ्या एखाद्या जिवाला हे पाणी समुद्रापाशी भेटत असेल तेव्हा त्याला काय कळत असेल? इथे परकायाप्रवेशाची गरज नाही. पाणी तेच आहे, एवढे पुरेसे आहे.

वर्गात आता रूपक शिकवताना मी एक छोटी भर घालते. उपमान म्हणून जे वापरायचे, त्याची कधीतरी भेट घ्यावी, असे मुलांना सांगते. भेट झाल्यावर रूपक वापरता येणार नाही असे नाही. पण ते वापरताना हात किंचित थबकेल, आणि लेखनात त्या थबकण्याला पुष्कळ किंमत आहे.

मागच्या वर्षी भाच्याचा निरोप आला. त्याने मत्स्यालयातून टाकीचे छायाचित्र पाठवले होते. तीच काच, तोच खडक, कोपऱ्यात तसाच विटकरी गोळा. खाली त्याने लिहिले होते, “मावशी, ही तशीच दिसते, पण ही ती नाही. हिची आणि आपली अजून ओळख नाही झालेली.”